पंडित कोणाला म्हणायचं?

मंडळी, आज गीता 5.18. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ… सगळ्यांत एकच तत्त्व पाहतो तो पंडित. वाचायला सोप्पं! (सोसायटीत कामवाल्या मावशींची लिफ्ट वेगळी असते, तेव्हा आठवतो का हा श्लोक?)

केरळचे नारायण गुरू तो जगले. जन्म एझवा समाजातला, म्हणजे मोठ्या देवळांत प्रवेश बंद. 1888 च्या शिवरात्रीला त्यांनी अरुविप्पुरमला नेय्यार नदीतला दगड उचलला आणि शिव म्हणून स्थापला. परवानगी कुणाची मागितलीच नाही! पुढे 1924 मध्ये वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला. गुरूंचा त्याला पाठिंबा होता. सवर्णही त्यात उतरले, आणि थेट पंजाबातून अकाली शीख येऊन सत्याग्रहींसाठी लंगर चालवायला लागले.