तेच पान, पुन्हा एकदा

बेळगावात सी.ए.च्या अंतिम परीक्षेची तयारी करणारा एक ओळखीचा मुलगा मध्यंतरी घरी आला होता. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, अभ्यास अवघड आहे म्हणून त्रास नाही. तेच ते वाचून जीव विटला आहे. संस्थेच्या अभ्यासपुस्तकात जे आहे तेच उजळणीच्या प्रश्नसंचात, तेच सराव परीक्षेत, तेच क्लासच्या वहीत. डोळे ओळीवरून फिरतात आणि मन बाहेर रस्त्यावर असते. जे येते ते किती वेळा वाचायचे?"

प्रश्न वरवर परीक्षेचा दिसतो. पण तो आपणा सर्वांचा आहे. जे पुन्हा पुन्हा करावे लागते ते मन लावून कसे करावे? आणि 'हे मला येते' असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो?

मी त्याला एवढेच म्हणालो, "बाळ, जे येते म्हणतोस ते पुस्तक मिटून सांग बघू." विषय लेखापरीक्षणाचा होता. कंपनीची बँकेतील शिल्लक खरी आहे की नाही, याची खातरजमा कशी करावी? पहिली दोन वाक्ये त्याने भराभर म्हटली. पण पत्र कोणाच्या हातून जायचे, उत्तर कोणाच्या पत्त्यावर यायचे, उत्तरच न आले तर पुढे काय करायचे, इथे तो अडखळला. ते पान त्याने पाच वेळा वाचले होते.

ओळख वेगळी आणि ज्ञान वेगळे. रोज वाटेत भेटणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो. त्याचे नावगाव कोणी विचारले तर मात्र आपण गप्प होतो. पानाचेही तसेच. चार वेळा डोळ्यांखालून गेले की ते ओळखीचे वाटते, आणि मन लगेच ग्वाही देते, 'हे मला ठाऊक आहे.' कंटाळा हा या ग्वाहीचा धाकटा भाऊ. ग्वाही खरी की खोटी, हे तपासल्यावाचून आपण त्याचे ऐकतो.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. दुसरा एकदा वाचून, न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचलेल्यातले ४२. वाचनाने तत्काळ समाधान मिळते. टिकते ते आठवण्याच्या कष्टाने.

कोणी म्हणेल, परीक्षेपुरते निभावले की झाले. पण या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. आवडत्या विषयाच्या जोरावर नावडता झाकता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट परीक्षेनंतरची. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच लिहून दिले, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. पुढे २०११ साली अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने लेखापरीक्षकांवर ठपका ठेवला तो असा, की खातरजमेची पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे घेण्याचे काम त्यांनी कंपनीच्याच हाती सोपवले होते. पत्रे आपल्या हातून जावीत, उत्तरे आपल्याकडे यावीत, ही गोष्ट त्या कंटाळवाण्या पानावर लिहिलेलीच असते. ती न वाचलेला लेखापरीक्षक शोधून सापडणार नाही. तिचे पालन मात्र झाले नाही, आणि हजारो भागधारकांनी त्याची किंमत मोजली.

पाहा, सही करणाऱ्याचे सारे आयुष्यच पुनरावृत्तीचे आहे. तीच पावती, तेच खाते, तेच मार्चअखेर. त्या तेचतेपणात एखादे वर्षी एक आकडा वेगळा असतो, आणि तो दिसावा म्हणूनच समाजाने त्याला तिथे बसवले आहे. आज पान नुसते चाळण्याची सवय लागली, तर उद्या खातेवहीही तशीच चाळली जाईल.

आपल्या शरणांपैकी नुलिय चंदय्या दोर वळीत असत. कालचा पीळ आणि आजचा पीळ, पाहणाऱ्याला सारखाच. पण कालचा पीळ घट्ट होता म्हणून आजचा सैल सोडून चालत नाही. दोर तुटतो तो सैल जागीच. कायक म्हणजे निव्वळ काम नव्हे. प्रत्येक पिळाशी हात जागा असणे, हे कायक.

याचा अर्थ सारे पुन्हा पुन्हा वाचीत बसावे असा मुळीच नाही. अर्थावाचून केलेले पारायण हाही आळसाचाच एक प्रकार आहे. त्यात कष्ट दिसतात एवढेच. म्हणून वाचकहो, आपल्या घरात असा कोणी परीक्षार्थी असेल तर त्याला सांगा. आधी पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर लिही, मग ताडून पाहा. जे बिनचूक उतरले, त्याला चार दिवस निरोप दे. जे अडले, तेवढेच उघड. चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद घे. अशाने पाने कमी होतील आणि कंटाळाही, कारण आता डोळे ओळीवरून नुसते फिरत नाहीत, काही शोधीत असतात.

तो मुलगा जाताना म्हणाला, "काका, म्हणजे पान सोडायला हरकत नाही?"

म्हटले, "हरकत नाही. फक्त ते तुला येते, हे कंटाळ्याने ठरवू नये. कोऱ्या कागदाने ठरवावे."