पुढच्या राजांना विनंती

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट पांढुर्णा येथे मिळाला आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो संग्रह १९६३ साली सिद्ध केला, त्यात त्याचा समावेश आहे. ताम्रपट पाचव्या शतकातला, म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा. वाकाटकांच्या दानपत्रांत दिलेल्या भूमीचे वर्णन असते, पुढे येणाऱ्या राजांनी या दानाचे पालन करावे अशी अपेक्षा असते आणि ते मोडणाऱ्याला पापाचे भय घातलेले असते. ज्यांचा जन्मही झालेला नाही त्यांच्यावर एक कर्तव्य सोपवण्याचा हा प्रयत्न होता. तो कितपत सफल झाला? राजवंश लयास गेला, दानाची स्मृती लोपली, पेटिकाशीर्षक ब्राह्मी वाचणारा कोणी उरला नाही. तांबे तेवढे टिकले.

हा ताम्रपट आठवण्याचे कारण वेगळे आहे. सोळाशे वर्षे हा रेडियम-२२६ या किरणोत्सारी द्रव्याचा अर्धायुकाल आहे. तेवढ्या काळात त्याचा निम्मा अंश क्षय पावतो. युरेनियमच्या खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर जो बारीक दळलेला गाळ उरतो, त्यात हे रेडियम राहून जाते. त्याच गाळात थोरियम-२३०ही असते. त्याचा अर्धायुकाल सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांचा असून त्यापासून नवे रेडियम सतत निर्माण होत राहते. म्हणजे प्रवरसेनाच्या काळी असा एखादा तलाव भरून ठेवला असता, तर आज त्याची दाहकता जवळजवळ तेवढीच राहिली असती.

आपल्या देशात असे तलाव झारखंडमधील जादुगुडा येथे आहेत. तेथील गिरणी १९६८ साली सुरू झाली. खनिज इतके कमी प्रतीचे की हजार किलोंतून एक किलोही युरेनियम हाती लागत नाही. उरलेले जवळजवळ सर्व मागेच राहते. त्यातला जाडसर भाग खाणीतल्या पोकळ्या भरण्यासाठी परत नेतात. बारीक गाळ चुन्याने उदासीन करून नळांवाटे बांध घातलेल्या तलावात सोडतात. डिसेंबर २००६ मध्ये असा एक नळ फुटून गाळ ओढ्यात गेला. ही गोष्ट प्रथम आसपासच्या गावकऱ्यांच्या लक्षात आली आणि त्यांनीच ती कंपनीला कळवली, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे.

येथे मुख्य प्रश्न येतो. राखण करणाऱ्यावर राखण कोणी करावी? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, ते कायद्याने नव्हे, शासकीय आदेशाने. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. ज्या विभागाच्या कामावर देखरेख ठेवायची, त्याच्याच प्रमुखापाशी अहवाल द्यायचा, अशी ही रचना होती. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या त्रुटीवर बोट ठेवले. मंडळाला स्वतंत्र करू पाहणारे २०११चे विधेयक २०१४ साली लोकसभेबरोबर व्यपगत झाले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. मधल्या बेचाळीस वर्षांत कोणी खोटे बोलले असे मला म्हणायचे नाही. मंडळातील शास्त्रज्ञ प्रामाणिक असतील, त्यांची मापनेही अचूक असतील. पण ज्याला आपल्या मालकाविरुद्ध साक्ष देण्याची मुभा नाही, त्याच्या खऱ्या साक्षीचेही मोल उणावते. कुंपणाने शेत खाल्लेच असे नाही; पण खाल्ले असते तर कळले कसे असते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनातून जात नाही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला येथे कोटवार आठवावा. मालगुजारीच्या काळापासून गावाची राखण, जन्ममृत्यूची वर्दी आणि गुन्ह्याची खबर ही त्याची कामे. परंतु अपराध खुद्द मालगुजाराचाच असेल, तर त्याच्या गावात राहणाऱ्या कोटवाराने ती खबर किती धीटपणे द्यावी? आणि धीटपणा करूनही खबर ऐकणारा कोणी नसेल तर? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात काय होते, ते आपण दरवर्षी पाहतो. मनाईचा आदेश निघतो, बंदोबस्त लागतो, काठावर रुग्णवाहिका उभ्या राहतात आणि गोटमार होतेच. शासन उपस्थित असणे आणि नियमन होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

अमेरिकेने १९७८ साली युरेनियमच्या गाळासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षी, जुलै १९७९ मध्ये, न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे गाळाचा बांध फुटून दूषित पाणी नावाहो लोकांच्या प्रदेशातून वाहत गेले. नंतर झालेल्या नियमांत अशी अपेक्षा नोंदवली आहे की बंदोबस्त शक्यतो हजार वर्षे आणि निदान दोनशे वर्षे टिकावा. हा आकडा प्रामाणिक आहे, म्हणूनच अस्वस्थ करणारा आहे. त्यात माणसाच्या वचनाची लांबी सांगितली आहे, आणि ती विषाच्या लांबीपुढे फारच थोडी आहे.

यावर एक उत्तर असे दिले जाते की पुढची माणसे आपल्यापेक्षा शहाणी असतील, ती उपाय शोधतील. तसे होईलही. परंतु मुलगा कर्तबगार निघेल या भरवशावर बापाने कर्ज करावे, याला नीती म्हणता येत नाही. दुसरे उत्तर, हे कामच बंद करावे. ते विचारार्ह आहे. तथापि साठलेला गाळ त्याने नाहीसा होत नाही. त्या विजेचा लाभ आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला आहे. तेव्हा राखणीचे ऋण उरतेच.

ते फेडायचे कसे? दानपत्र कोरणाऱ्याने लेखावर भरवसा ठेवला. लेख टिकला, राखण टिकली नाही. राखण टिकते ती जवळ राहणाऱ्या माणसांत, पण त्यांना पाहण्याचा हक्क आणि बोलण्याचे बळ असेल तरच. नळ फुटल्याचे ज्यांनी प्रथम पाहिले, त्यांच्या हाती मापनयंत्र नव्हते. गावकऱ्यांची भीती अज्ञानातून येते, असा आक्षेप घेतला जातो. ती काही अंशी तशी असेलही. मग त्यांना यंत्र द्यावे, ते वापरण्यास शिकवावे, तलावाच्या पाण्याची नोंद त्यांच्या भाषेत दर महिन्याला ग्रामसभेपुढे ठेवावी आणि त्यांच्या तक्रारीला उत्तर देणे नियामकावर बंधनकारक करावे. वैधानिक दर्जा मिळाला ही पहिली पायरी झाली. तो दर्जा तलावाकाठच्या माणसाच्या उपयोगी पडला, तरच त्याला अर्थ आहे.

सोळाशे वर्षांनी आपली भाषा कोणी वाचील की नाही, ठाऊक नाही. पुढच्या राजांना आपण विनंतीच करू शकतो. ती करण्यापूर्वी आपल्या हयातीतली राखण तरी आपण नीट केली होती, एवढे सांगता आले पाहिजे.