पिंजरीचा रंग

नरकचतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावरून पाण्याचे आवाज येऊ लागतात. उटण्याच्या वासाने माझे मन प्रसन्न होते, आणि त्याच क्षणी धास्तावतेही. आमच्या लहानपणी बंब परसात असे. कोळशाचा धूर नळीवाटे आभाळात जाई; डोळे चुरचुरत, पण माणूस सुखरूप राही. आता गॅसचा गिझर हातभर न्हाणीघरात आला आहे, आणि डासांच्या भीतीने आपण त्याची खिडकी बंद करून टाकतो.

माझी सारी नोकरी कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली. ठाणे-कल्याणकडचे शवविच्छेदनातले रक्त आमच्याकडे येई. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा सुमारे 200 ते 250 पट अधिक ओढीने तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिलगतो, आणि बिचाऱ्या प्राणवायूला जागाच उरत नाही. असे रक्त लालभडक दिसते. इंग्रजी पुस्तके त्याला चेरीची उपमा देतात. आमच्या गावात चेरी भेटते ती केकवर. मला तो रंग पिंजरीचा वाटतो. पाण्यात अशा रक्ताचे थेंब टाकून कॉस्टिक सोडा घालावा. साधे रक्त हिरवट-तपकिरी होते. हे मात्र काही वेळ तसेच गुलाबी राहते. मग वर्णपटमापकावर प्रमाण काढायचे. पक्क्या विडीबाजाच्या रक्तातही 10 टक्क्यांपर्यंत हा वायू सापडतो. 50 च्या वर गेला, की बहुधा खेळ आटोपलेला असतो.

आगीत सापडलेल्या देहाबाबत तर हा आकडा साक्षीला उभा राहतो. रक्तात वायू भरलेला असेल, तर आग लागली तेव्हा त्या जीवाचा श्वास चालू होता. आग कोणी लावली, हे मात्र तो सांगत नाही. आकडा खोटे बोलत नाही, असे तरुणपणी मी अभिमानाने म्हणत असे. त्याला विचारता येण्याजोगे प्रश्न किती थोडे आहेत, हे पुढे कळले.

एका हिवाळ्यात बाटलीवरच्या चिठ्ठीवर शेजाऱ्यांच्या मुलाचे नाव दिसले. मी बाटली सहकाऱ्याच्या हाती दिली. तरी आकडा कानी आलाच : 61. रात्री मुलाचे वडील आले. दारातच उभे राहून म्हणाले, "अहो, गॅसच होता का?"

अहवाल पोलिसांकडे जायचा. तो माझ्या तोंडून बाहेर पडणे गैर. शिवाय ती खिडकी त्यांनीच खिळे ठोकून बंद केली होती, हे मला ठाऊक होते. गप्प राहावे, तर नियमही सांभाळला जातो आणि दयाही. दोन्ही इतक्या स्वस्तात एकदम मिळू लागली, की मला स्वतःचाच संशय येतो. उद्या त्याच न्हाणीघरात त्यांची धाकटी मुलगी जाणार होती. मेलेल्याविषयीचे सत्य जिवंतांच्या उपयोगी पडत असेल, तर ते दडवणाऱ्याला दयाळू म्हणावे काय? आणि बापाला ते सांगणाऱ्याला?

मी आकडा सांगितला नाही. "मुलीला तूर्त आमच्याकडे अंघोळीला पाठवा," एवढेच म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग काही न बोलता खाली गेले. हे सत्य सांगणे झाले की टाळणे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

पहाटे खालच्या मजल्यावर खिळे उपसल्याचा आवाज येऊ लागला. एक खिळा काही केल्या निघत नसावा. पक्कड घेऊन मी जिना उतरलो.