कदंबवनातील मद्य

जिंतूर तालुक्यातील एखाद्या खातेदाराने आपल्याच काळ्या रानात पिकलेल्या ज्वारीला मोड आणावेत, तिची बिअर शेतातच आंबवावी आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना लिंबाखाली बसवून पाजावी, हा बेत आज ऐकणाऱ्याला वाटतो तितका अद्भुत राहिलेला नाही. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून सुलाची वाइन 2000 सालीच बाजारात आली. पुण्यात 2009 साली डूलाली या मायक्रोब्रुअरीने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बिअर आंबवून दाखविली. आणि 2007 साली तर राज्य सरकारनेच धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले, त्या वेळी पावसात काळी पडलेली ज्वारी तरी विकली जाईल, हे कारण पुढे करण्यात आले होते. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव घेण्यात आले, आणि वारकऱ्यांपासून अण्णा हजारे यांच्यापर्यंत अनेकांच्या विरोधामुळे तो निर्णय कागदावरच राहिला. नफातोट्याचा हिशेब ज्यांना कळतो त्यांनी तो खुशाल मांडावा. मला या बेतात धर्माचा एक जुना प्रश्न दिसतो, आणि तो असा की, जो स्वतः पीत नाही, कोणाला बळेच पाजत नाही, परवाना घेऊन व महसूल भरून जो केवळ मद्य निर्माण करतो, त्याच्या अंगाला त्या मद्याचे कर्म किती चिकटते?

आपल्या शास्त्रकारांनी मद्याचा दोष निरनिराळ्या ठिकाणी शोधलेला आहे. सौत्रामणी नावाच्या श्रौत यागात देवतांनाच सुरा अर्पण होत असे, आणि ती करण्यासाठी मोड आलेले धान्य लागे. म्हणजे आजच्या बिअरवाल्याचा मूळ विधी याज्ञिकांना पुरता अवगत होता. मनूने मात्र सुरेला अन्नाचा मळ ठरवून तिन्ही वरच्या वर्णांना ती वर्ज्य केली. कौटिल्याने या वादात न पडता सुराध्यक्ष नेमला व सरकारी उत्पन्नाची सोय लावली. आमचे अबकारी खाते त्याचेच वंशज म्हणावयाचे. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार मना केले त्यांत मद्याचा व्यापार आहे. तेथे पिणारा बाजूस राहतो आणि विकणाराच्या उपजीविकेवर बोट ठेवले जाते. इकडे गावोगाव म्हसोबाच्या व मरीआईच्या ठाण्यावर दारूची धार सोडणारा भाविक या साऱ्या वादाला बाहेरूनच नमस्कार करून मोकळा होतो.

या सर्वांत जैन आचार्यांचा विचार मला अधिक खोल वाटतो. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी श्रावकाच्या आचारावर लिहिताना मद्यत्यागाचे एक कारण असे दिले की, मद्यरसात असंख्य सूक्ष्म जीव जन्मतात आणि पिणाऱ्याकडून त्यांची हिंसा घडते. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने आंबणे ही सजीवांची क्रिया आहे असे प्रयोगांनी दाखविण्यास 1857 साली आरंभ केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आचार्याच्या तर्काचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. तरीही एवढ्या कारणावर मद्याचा निषेध उभा करता येईल असे मला वाटत नाही. कारण तोच न्याय लावला तर आमच्या घराघरांतली ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील आणि रात्री विरजलेले दहीही सुटत नाही, आणि जैन श्रावक दह्यालोणच्याला काळाची मर्यादा घालतात ती याच सुसंगतीपोटी. ज्वारीची बिअर करणे हे काम मुळात स्वयंपाकघरातलेच आहे. दाणे भिजत घालावेत, ओल्या गोणपाटाखाली मोड येऊ द्यावेत, वाळवून ते मोड चोळून काढून टाकावेत (कोवळ्या ज्वारीचा चारा जनावराला का बाधतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या मोडांतल्या विषाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही), मग भरडा ऊन पाण्यात धरून त्याची गोडी उतरू द्यावी, तो रस उकळून, गाळून, निववून त्यात किण्व सोडावे. यात एकही कृती अशी नाही की जिच्यावर बोट ठेवून, येथे पाप शिरले, असे कोणास म्हणता यावे. जो दोष असेल तो पिंपाबाहेर, माणसामाणसांच्या संबंधात शोधला पाहिजे.

त्या शोधासाठी जिंतूरकराला दूर जाण्याचे कारण नाही. गावापासून जवळच नेमगिरीची टेकडी आहे. तिच्यातील गुहांची दारे इतकी ठेंगणी की थोरामोठ्यांनाही कंबरेत वाकूनच आत शिरावे लागते, आणि आत गेल्यावर बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती पाहून, ही एवढ्याशा दारातून आत आली कशी, हा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. जिनसेनाने शके 705 मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात या नेमिनाथांच्या तोंडी द्वारकेच्या नाशाचे भविष्य आहे. नगरी मद्यापायी जाईल, द्वैपायन मुनीच्या क्रोधाने जळेल, असे त्यांनी सांगितल्यावर यादव भ्याले. त्यांनी नगरातले सारे मद्य बाहेर नेले आणि कदंबवनात, डोंगराच्या दऱ्याकपारींत ओतून दिले. वर्षे लोटली. वनक्रीडेस गेलेले राजपुत्र तहानेने व्याकुळ झाले, खळग्यांतला तो मुरलेला रस पाणी समजून प्याले, झिंगले, समोर तप करीत बसलेल्या द्वैपायनाला त्यांनी दगडांनी मारले, आणि पुढे जे व्हावयाचे ते झाले.

महाभारताच्या मौसलपर्वात हीच यादवी निराळ्या रीतीने येते. तेथे राजाज्ञेने दवंडी पिटली जाते की, जो कोणी घरी मद्य करील त्याला बांधवांसह सुळी देण्यात येईल. आणि तरीही प्रभासक्षेत्री सर्व पितातच. परंतु व्यासांच्या कथेत कायदा मोडला जातो, तर जिनसेनाच्या कथेत तो अक्षरशः पाळला जातो, आणि पाळूनही नगरी जळते. म्हणूनच ही दुसरी कथा अधिक भयंकर. ज्यांनी मद्य ओतले ते शुद्धीवर होते, सद्हेतूने प्रेरित होते, आपल्या घरातून संकट गेले म्हणून निर्धास्तही झाले होते. ते मद्य वेशीबाहेर कोणाच्या वाटेत पडले आहे, हे पाहण्याचे मात्र कोणास सुचले नाही. जैन मीमांसेत कर्म तीन प्रकारांनी लागते: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याच्या कृतीला अनुमोदन दिलेले. यादव वृद्धांना या तिहींपैकी कोणते कलम लावावे? माझ्या मते एकही नीटसे लागत नाही, आणि तेथेच प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, या दोषाचे प्रयोजन उभे राहते. या प्रमादाची गणना करताना एका परंपरेने मद्यालाच पहिला क्रमांक दिला आहे. त्या गणनेचा आधार घेऊन मी एक पाऊल पुढे जाऊ इच्छितो: द्वारकेत दोन प्रकारची माणसे नशेत होती, आणि त्यांपैकी एका प्रकाराने थेंबही घेतलेला नव्हता.

आमच्या प्रदेशाच्या इतिहासात कदंबवने पुष्कळ आहेत. निजामी अमदानीत शिंदीची झाडे सरकारी उत्पन्नाचे साधन होती, विक्रीचा हक्क गुत्तेदाराकडे जाई, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांबरोबर सत्याग्रहींची कुऱ्हाड या झाडांवरही पडली, ती त्या महसुलावर घाव घालण्यासाठी. पुढे राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने मद्यबंदीचा प्रयत्न हे शासनाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले. वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत ती क्रमाने 1975, 1993 व 2015 साली आलीही, आणि चंद्रपुरातून 2021 साली उठलीही. गावच्या बायाबापड्या उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान करून दुकान बंद पाडतात, त्यांच्या धैर्यापुढे मी मान लववितो. पण दुकान हलून शेजारच्या गावच्या शिवेवर जाऊन बसले, तर त्या दुसऱ्या गावाच्या आयाबहिणींनी काय करावे?

शेतातली ब्रुअरी नेमका याच्या उलट मार्ग घेते: माल येथे होतो आणि नशा शहरातल्या पाहुण्यांबरोबर परत जाते. येथे उरते ते पाण्याचे देणे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या वेळी औरंगाबादच्या मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठास द्यावा लागला. एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्ची पडते. पूर्णेवरचे येलदरी धरण जिंतूर तालुक्यातच आहे खरे. परंतु अवर्षणाच्या वर्षी पिंपात ओतलेल्या पाण्याचा जाब शेजारचा कोरडवाहू शेतकरी विचारणारच, आणि तेव्हा माझ्या विहिरीचे पाणी मी वापरले, या उत्तराने त्याचे समाधान होऊ नये, असेच मी म्हणेन.

बेल्जममध्ये वेस्टव्लेटेरन येथे ट्रॅपिस्ट ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ आहे. एकोणिसाव्या शतकापासून ते बिअर करीत आले; मठाच्या चरितार्थापुरती करतात, मागणी कितीही वाढली तरी अधिक करीत नाहीत, आगाऊ नोंद करणाऱ्यालाच ठरावीक माप देतात आणि नेलेला माल पुढे विकू नये असे बजावतात. हा निर्बंध बाजाराच्या दृष्टीने वेडेपणाचाच आहे. पण आपला माल कोणाच्या हाती जातो हे शेवटपर्यंत पाहण्याचा तो प्रयत्न आहे. यादवांना जे सुचले नाही ते या फ्लेमिश संन्याशांना सुचले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता आपल्या खातेदाराकडे पाहू. तो म्हणेल की, माझा पेला महाग आहे, गरिबाला तो परवडतच नाही, तेव्हा गरिबाचा संसार बुडविल्याचा आळ माझ्यावर येऊच शकत नाही. हा युक्तिवाद सभ्य माणसांना पटकन पटतो, म्हणूनच तो तपासून घ्यावा. त्याच्याच वाड्यावर एक सालगडी आहे, जो ती ज्वारी राखतो, मोडांची गोणपाटे ओली करतो आणि शनिवारी आलेल्या पाहुण्यांपुढे खाटा टाकतो. एका पेल्याची किंमत त्याच्या दिवसाच्या मजुरीच्या आसपास जाते हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे तो मालकाची बिअर मागत नाही, संध्याकाळी जिंतुरात जाऊन देशीच्या दुकानातून आपल्याला परवडेल ते घेतो आणि त्यासाठी मालकाकडून उचल मागतो. मालक वही उघडतो. ती रक्कम उचलीच्या रकान्यात मांडताना ती कशासाठी हवी, हे तो विचारणार आहे की नाही?