ई-रीडर आणि अपरिग्रह

अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटल्या जाणाऱ्या एकादश व्रतांत अस्तेयाबरोबर, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताबरोबर, तेही येते. केवळ वाचनासाठी असलेले ई-रीडर विकत घ्यावे का, हा प्रश्न एरवी किमतीचा आणि सोयीचा. व्रतांच्या कसोटीवर तो गरज आणि मालकीचा होतो.

नुसत्या वस्तू मोजल्या तर उत्तर सोपे आहे. गांधीजींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांचे. त्याला कपाट लागते, ई-रीडरला पिशवीचा कप्पा पुरतो. पण १९३० साली येरवडा तुरुंगातून लिहिलेल्या आणि पुढे ‘मंगल प्रभात’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पत्रांत गांधीजींनी अपरिग्रह विचारांनाही लागू केला. डोक्यात निरुपयोगी ज्ञान भरणे हाही परिग्रहच. त्या हिशेबाने न वाचलेली हजार पुस्तके यंत्रात गेली तरी संग्रह हलका होत नाही. जागा अडत नसल्याने हाव फक्त नजरेआड होते.

यंत्र आहे म्हणून ई-रीडर त्याज्य ठरत नाही. गांधीजींचा आक्षेप यंत्रांच्या वेडाला होता. शिवणयंत्राचा अपवाद त्यांनी १९२४ मध्ये स्वतःच केला होता. ई-रीडरही अशा अपवादात बसू शकते. त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात. पान उलटताना ते हलतात, नंतर अक्षर टिकवायला वीज लागत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. अधू दृष्टीच्या वाचकाची ती गरजच असते. शिवाय फोनसारखे निरोप मध्येच येत नसल्याने वाचन सलग होते.

खरी अडचण मालकीची आहे. विकत घेतलेले ई-पुस्तक हा बहुधा वाचण्याचा परवाना असतो. ते वाचून झाल्यावर सहसा दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. २००९ मध्ये हक्कांच्या वादातून अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. असे पुस्तक गमावणे हा अपरिग्रह नव्हे, कारण त्यात त्याग वाचकाचा नसतो. उलट वर्ध्यात गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची ‘गीताई’ शिळांवर कोरून उघड्यावर उभी आहे. येणारा कोणीही ती वाचू शकतो. परवाना टाळायला चोरट्या पीडीएफ घ्याव्यात, तर त्या अस्तेयात बसत नाहीत. गांधीजींच्या स्वतःच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत मात्र भारतात २००८ अखेर संपली.

म्हणून दृष्टी अधू असलेल्या किंवा रोज वाचणाऱ्या, पण ग्रंथालयापासून दूर राहणाऱ्या माणसाला ई-रीडर हे साधन ठरते. हाताशी ग्रंथालय असताना केवळ साठ्यासाठी घेतले, तर तो परिग्रहच.