पाचवी खाच

स्प्लेंडरच्या मागच्या शॉकपला पाच खाचा असतात. पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग आधीच दाबून बसते, ओझ्यानं गाडीचं बूड खाली जात नाही. चाळीस लिटरचे दोन कॅन लावायचे तर पाचवीच बरी. पण त्याच खाचेवर कारभारीण मागं बसली, की आमच्या रस्त्याचा एकेक खड्डा तिच्या मणक्यात. मग खाच लावायची कुणासाठी? मेस्त्री म्हणतो, जाड स्प्रिंगचे शॉकप टाका, काळजीच मिटंल. दुधाची मिटंल. दुधाचा पैसा दहा दिवसाला हातात येतो. तिची पाठ बिल काढत नाही, म्हणून तिला हिशेबात धरायचं नाही का? डेअरीतून आलो की मी पाना काढतो, दुसरीवर आणतो. दोन्ही बाजूंना सारखीच खाच लागते. पोरगं म्हणतं, रोज कशाला?