चित्राचे मोल आणि चित्रकाराचे नाव

शिर्डीच्या समाधिमंदिरात श्रीसाईबाबांची जी संगमरवरी मूर्ती आहे, तिची स्थापना ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, विजयादशमीस झाली. तिच्या प्रतिकृती आज गावोगावच्या मंदिरांत, दुकानांतील फळ्यांवर आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांत दिसतात. परंतु हे रूप ज्यांच्या छिन्नीतून उतरले त्या शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांचे नाव दर्शनास जाणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? बाबांच्या हयातीत त्यांचे चित्र काढणारे शामराव जयकर यांचीही गोष्ट याहून निराळी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्यात, हे एवढे मोठे उदाहरण डोळ्यांपुढे असता, तेथील एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मी पुस्तकांतील चित्रे काढून पोट भरीन’ असे म्हटले, तर आईबापांच्या कपाळास आठी पडावी यात नवल ते काय?

या आठीचा विचार बहुधा केवळ द्रव्याच्या अंगाने होतो. आमच्या मते तो प्रश्न आधी नीतीचा आहे. चित्र पाहून आपण सुखावतो, चित्रामुळे पुस्तक हाती धरतो. तर ज्याने ते काढले त्याचे आपण काही देणे लागतो की नाही? आणि लागत असू, तर तो अजून विद्यार्थी आहे एवढ्यामुळे ते देणे कमी होते काय?

‘देणे नाही’ असे म्हणणाऱ्यांचा पहिला आधार म्हणजे निनावी कलावंताचा आदर्श. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कोठे नावे कोरली, असे ते विचारतात. प्रश्न मार्मिक दिसतो खरा. परंतु त्याच अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा लेख कोरलेला आहे. म्हणजे नाव नकोसे झाले होते असे नव्हे. देणाऱ्याचे नाव राहिले आणि काढणाऱ्याचे गेले, एवढेच. एखाद्या कलावंताने होऊन आपल्या नावावर पाणी सोडले तर तो त्याग वंद्य होय. पण त्याग ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. दुसऱ्याच्या नावाचा व मोबदल्याचा त्याग आपण परस्पर करू लागलो, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होते.

दुसरा आधार गुरुकुलाचा. शिष्याने गुरुगृही लाकडे फोडली, पाणी भरले, मग विद्यार्थ्याने एखाद्या मासिकास चार चित्रे फुकट दिली तर काय बिघडले? ‘तेवढेच तुझे नाव होईल’ हे वाक्य होतकरू चित्रकाराच्या कानी फार लवकर पडते. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. गुरु शिष्याच्या श्रमाच्या मोबदल्यात विद्या देत असे. आजही जेथे कोणी जाणता मनुष्य शेजारी बसवून रेघ सुधारतो, तेथे काही काळ बिनपगारी राबण्यात अन्याय नाही. परंतु जेथे शिकविणारा कोणी नाही आणि चित्र मात्र विकले जाते, तेथे गुरुकुलाचे नाव घेणे हा निव्वळ कावा होय. कागदवाल्यास व छापखान्यास कोणी ‘नाव होईल’ म्हणून बोळवीत नाही. किंबहुना फुकट काम करणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतो असे नव्हे. त्याच कामावर ज्याचे घर चालते अशा दुसऱ्या चित्रकाराचा भावही तो नकळत पाडतो.

तिसरा आक्षेप असा की, पैशाचा स्पर्श झाला की कला बाटते. इतिहासाचा निर्वाळा याहून वेगळा आहे. रावबहादुर धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले व पुढे तेथेच त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्या वेतनाच्या जोडीला पुस्तकांची, पोस्टकार्डांची व जाहिरातींची चित्रे त्यांनी मोबदला घेऊनच काढली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले आणि मुखपृष्ठे व कथाचित्रे हाच आपला संसार मानला. वसंत सरवटे यांनी मात्र सिमेंट कंपनीत स्थापत्य अभियंत्याची नोकरी सांभाळून जन्मभर रेखाटने केली. प्रत्येकाची वाट निराळी, पण कोणाचीही रेघ पैशाने मलिन झाली नाही. यावरून घरच्या वडीलमंडळींनी एवढे तरी घ्यावे की, ‘चित्रकला की उपासमार’ असा दुहेरी पेच मुलापुढे टाकण्याचे कारण नाही. नोकरी करून चित्रे काढणे ही हार नव्हे, आणि चित्रांवरच जगणे हे वेडही नव्हे. प्रमोद कांबळे यांच्यासारखा चित्रकार-शिल्पकार नगरातच राहून नावारूपास आलेला आपण पाहतोच.

आता संधींविषयी. चित्र म्हणजे भिंतीवरची तसबीर एवढीच कल्पना असली तर वाट अरुंद दिसणारच. नगर जिल्ह्याकडेच पाहा. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाने ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीस नाव दिले. नेवासे व दायमाबाद येथील उत्खननेही प्रसिद्धच आहेत. अशा उत्खननात सापडलेल्या खापरांची रेखाचित्रे हातानेच काढावी लागत आली आहेत, कारण भांड्याची जाडी व आतला घाट एकाच आकृतीत दाखविणे छायाचित्रास साधत नाही. राहुरीस १९६८पासून कृषी विद्यापीठ आहे. पिकावरील किडीच्या अवस्था शेतकऱ्यास ओळखता याव्यात अशा रीतीने दाखविणे हेही चित्रकाराचेच काम. वैद्यकाची पुस्तके, १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची क्रमिक पुस्तके, बालसाहित्य, आणि ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडलेल्या प्रथेप्रमाणे दरसाल निघणारे दिवाळी अंक, या सर्वांस चित्रे लागतात. एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देऊन पेटी माळ्यावर टाकणाऱ्या मुलांस हे कोणी सांगत नाही.

परंतु संधी असणे निराळे आणि तिच्यात नागवले न जाणे निराळे. यास्तव विद्यार्थ्याने कुंचल्याबरोबर थोडा कायदाही शिकावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः चित्रकारच असतो. तथापि नोकरीत असता काढलेल्या, किंवा मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, काढविणाऱ्याकडे जाऊ शकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर ते लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची समजली जाते. आणि विशेष हे की, हक्क विकल्यावरही ‘हे चित्र माझे’ असे म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. म्हणून किती चित्रे, कोणत्या कामासाठी, किती मुदतीसाठी व किती रुपयांस, हे चार शब्द आधी कागदावर यावेत. यात संकोच कसला? वडिलांनी मुलास रेघ शिकविता आली नाही तरी हा व्यवहार खचित शिकविता येईल.

अलीकडे एक नवी शंका निघाली आहे. संगणकास दोन ओळी सांगितल्या की तो क्षणात चित्र काढून देतो; मग हा सारा खटाटोप कशासाठी? यंत्रामुळे काही कामे जातील, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कथाचित्रकार हा प्रथम वाचक असतो. दहा पानांच्या कथेतील कोणता क्षण चित्रात धरावयाचा आणि कोणता वाचकाच्या कल्पनेवर सोडावयाचा, हा निर्णय घेणे हेच त्याचे खरे काम. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ऊन चढल्यावर बैल कसा उभा राहतो, अकोल्याच्या डोंगरात पावसात घोंगडी कशी पांघरतात, हे ज्याने तासन्‌तास बसून पाहिले त्याच्या निर्णयास वजन येते. विद्यार्थ्याने म्हणून खूप वाचावे, रोज प्रत्यक्ष पाहून रेखाटावे आणि चित्रातील चुकीची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. ही जबाबदारी यंत्र घेत नाही, आणि विश्वास तर जबाबदारी घेणाऱ्यावरच बसतो.

एवढे करूनही सगळ्यांस यश येईल असे नाही, हे आम्ही जाणतो. पण यश देणे समाजाच्या हाती नसले तरी न्याय देणे आहे. संपादकांनी लेखकाच्या नावाखाली चित्रकाराचे नाव छापावे व मानधन ठरल्या दिवशी पोचवावे. वाचकांनी मुलास पुस्तक वाचून दाखविताना कवी-लेखकांबरोबर चित्रकाराचेही नाव उच्चारावे. ज्या घरात ते नाव उच्चारले जाते, त्या घरातील मुलाने उद्या हाती पेन्सिल धरली, तर त्याला पहिला प्रश्न पोटाचा विचारला जाणार नाही. काय पाहिलेस, असे विचारले जाईल.